अंगठ्याच्या मुळाशी आलेला उंचवटा: शस्त्रक्रियेशिवाय आराम पडेल का?

मृद्गंध: माझ्या आईच्या (वय ६१) दोन्ही पायांच्या अंगठ्यांच्या मुळाशी आतल्या बाजूला उंचवटा आला असून उजवा अंगठा शेजारच्या बोटावर चढू लागल्याने तिने त्या पायातले जोडवे काढून ठेवले आहे. आजीच्या पायांचीही अशीच ठेवण होती. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून ‘बनियन’ असल्याचे सांगितले. शस्त्रक्रियेची घाई नाही, असेही ते म्हणाले. रात्री बांधून झोपायच्या पट्ट्यांनी अंगठा सरळ होतो, हा जाहिरातींतला दावा कितपत खरा आहे?

पाऊलवाट: मी फिजिओथेरपिस्ट आहे. तिथे नवे हाड वाढते, हा समज बहुतांशी चुकीचा आहे. तळपायातले अंगठ्यामागचे लांब हाड आतल्या बाजूला सरकते, अंगठा उलट दिशेला कलतो आणि त्या दोहोंमधला सांधा कोपऱ्यासारखा बाहेर येतो. अंगठा कलण्याचा हा कोन १५ अंशांहून अधिक झाला की त्याला विकृती म्हणतात आणि ४० अंशांपुढे ती तीव्र मानली जाते. आजीचा उल्लेख आपण केलात तो महत्त्वाचा आहे, कारण पायाची ठेवण आनुवंशिक असते; निमुळती किंवा उंच टाचेची पादत्राणे त्रास वाढवतात. पट्टी बांधलेली असेपर्यंत अंगठा सरळ दिसतो आणि थोडे बरे वाटते, पण प्रौढ वयात ती हाड कायमचे जागेवर आणत नाही. पैसे खर्च करायचेच असतील, तर ते पुढून रुंद, मऊ वरच्या भागाच्या बुटांवर करावेत. कागदावर उभे राहून पावलाची रेघ काढावी आणि बूट त्यावर ठेवावा. रेघ बाहेर डोकावत असेल, तर तो बूट घेऊ नये. खरेदी संध्याकाळी करावी, कारण तोपर्यंत पाय थोडे सुजलेले असतात. दोन बोटांमध्ये सिलिकॉनची पाचर, दुखेल तेव्हा कापडात गुंडाळलेला बर्फ आणि घरातल्या टणक फरशीवर मऊ सपाता, एवढ्याने अनेकांचे भागते.

दुर्वांकुर: रुंद बूट वापरूनही चालणे कठीण झाले, तेव्हा मी शस्त्रक्रिया करून घेतली. हाड कापून सरळ रेषेत आणतात आणि स्क्रूने बसवतात. त्यानंतर सुमारे सहा आठवडे कडक तळाचा विशेष बूट घालावा लागला आणि सूज तर कित्येक महिने रेंगाळली. दुखणे गेले, याचे समाधान आहे. मात्र केवळ पाय सुबक दिसावा म्हणून कोणी या वाटेला जाऊ नये.

मृद्गंध: मनःपूर्वक आभार. आईला कोल्हापुरी चपला सोडवत नाहीत. त्या चालतील का?

पाऊलवाट: पुढून मोकळ्या असल्याने बोटे दाबली जात नाहीत, हे खरे, पण पट्ट्याची कड नेमकी उंचवट्यावर घासत असेल किंवा टणक तळ टोचत असेल, तर त्या थोड्या वेळापुरत्याच घालाव्यात. मधुमेह असल्यास घासून झालेली लहानशी जखमही डॉक्टरांना दाखवावी. शिवाय हाच सांधा रात्रीतून एकाएकी लालबुंद, गरम होऊन असह्य ठणकू लागला, तर तो गाउट (युरिक ॲसिडचे स्फटिक साचून होणारा सांध्याचा दाह) असू शकतो आणि त्याचे उपचार पूर्णपणे वेगळे आहेत.