मदत हवी आहे: विकसनशील देशांत कुक्कुटपालन नेमकं कशामुळे वाढतं?

निळी_वही: परवा निबंध द्यायचाय आणि सरांनी मसुदा परत पाठवलाय. मी लिहिलं होतं की लोकांच्या हातात पैसा आला, शहरं वाढली, म्हणून चिकनची मागणी वाढली. त्यांनी समासात एवढंच लिहिलं: "मग सगळीकडे सारखं का वाढलं नाही?" दोन दिवस तिथेच अडकलेय. कृपया लिंका नकोत, कारण सांगा.

खुराडा: अंडी की मांस? कुठला प्रदेश?

शेडवाला: प्रदेश कुठलाही असू दे, कारण खाद्यच. पक्षी वाढवायच्या खर्चात साधारण ६० ते ७० टक्के वाटा त्याचाच. ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेली कोंबडी, ५-६ आठवड्यांत २ किलोच्या पुढे जाते आणि किलोभर वजनाला पावणेदोन किलोच्या आसपास खाद्य खाते. गुरांना याच्या कितीतरी पट लागतं. ब्राझील बघा: मका घरचा, सोया घरचं, आज चिकन निर्यातीत जगात पहिला.

पहिली_बॅच: खाद्य स्वस्त असलं तरी ते विकत घ्यायला भांडवल लागतं ना? वाढ करार पद्धतीने होते. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, वीज, मेहनत आपली. माझी पहिली बॅच रात्री उशिरा आली. सकाळी ब्रूडरखालून, म्हणजे ऊब देणाऱ्या साधनाखालून, दहा-बारा पिल्लं उचलून गळ्याखालची पिशवी चाचपली, भरलेली आणि मऊ लागली, म्हणजे पिल्लं खाऊ-पिऊ लागली होती, तेव्हा जिवात जीव आला. एवढी पिल्लं मी स्वतःच्या पैशाने कधीच टाकली नसती.

शेडवाला: आणि मरतूक वाढली की कपात कोणाच्या पैशातून? माझ्या दोन बॅचचा हिशोब असाच झाला. कंपनी वाढली, मी होतो तिथेच.

पहिली_बॅच: बाजार पडला तेव्हा मला ठरलेला दर मिळाला, हेही खरं आहे.

आईची_काळजी: इंजेक्शन देऊन वाढवतात ना कोंबड्या? मुलांना चिकन देणं बंद केलंय.

खुराडा: नाही. शेडमधल्या हजारो पक्ष्यांना हार्मोनची सुई टोचत बसणं कोणालाच परवडणार नाही. ही वाढ पिढ्यान् पिढ्या निवडून केलेल्या पैदाशीची आणि खाद्याची आहे. अँटिबायोटिकच्या बेसुमार वापराची काळजी मात्र रास्त आहे. त्यावर वेगळा धागा काढा.

परसदार: सगळे ब्रॉयलरच धरून बसलात. गरीब घरात परसातली कोंबडी असते आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) एक साथ अख्खं खुराडं रिकामं करते. त्यावरची, उष्णता सोसणारी आय-२ लस फ्रीज नसलेल्या गावांचा विचार करूनच तयार झाली. आधी लस पोचवा, मग वाढीचं बोला.

निळी_वही: लिहायचं राहिलं, सॉरी. मांस. आणि सहाराच्या दक्षिणेकडची आफ्रिका.

खुराडा: अहो, हे पहिल्याच ओळीत हवं होतं! उत्तरच बदललं. श्रीमंत देशांत छातीच्या मांसाला चांगला दर मिळतो, तंगड्या उरतात, त्या गोठवून स्वस्तात बाहेर पाठवतात. घानात मागणी वाढली, पण तिचा मोठा हिस्सा या आयात मालाने घेतला आणि तिथल्या ब्रॉयलरवाल्यांचं कंबरडं मोडलं. सेनेगलने २००५ मध्ये बर्ड फ्लूमुळे कोंबडीच्या मांसाची आयात थांबवली आणि तिथला धंदा वाढला. मागणी दोन्हीकडे होती. सरांचा प्रश्न नेमका इथे बोट ठेवतो.

शेडवाला: आयात थांबली की गिऱ्हाईकाला चिकन महाग पडतं, तेही लिहा. आणि मक्याचा भाव दोन्ही देशांत बघाच.

निळी_वही: घाना-सेनेगल तुलना आज रात्रीच लिहायला घेते. पिल्लं कुठून येतात हेही घालू का?

खुराडा: घाला. ब्रॉयलरच्या पैदाशीचे मूळ कळप जगात मोजक्याच कंपन्यांकडे आहेत. अंड्यातून निघालेलं पिल्लू पोटातल्या बलकावर दोन-तीन दिवस तगतं, म्हणून ते विमानाने दुसऱ्या देशात पाठवता येतं. पिल्लांचा भाग तिथूनच सुरू करा.