‘शांती करणारे’ म्हणजे नेमके कोण?

तापीकाठ
आमच्या ओसरीत मंडळीकडून, म्हणजे आमच्या चर्चकडून, मिळालेलं कॅलेंडर टांगलेलं आहे. त्यावर बायबलमधलं वचन, मत्तय 5:9, छापलंय, ‘जे शांती करणारे ते धन्य, कारण त्यांना देवाचे पुत्र म्हणतील.’ परवा शेजारचे आप्पा पाना मागायला आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ते वाचलं आणि विचारलं, “भो, शांती करनारा म्हंजे भटजी का?”

मी हसलो, पण आप्पांचं चुकलं कुठे? मराठीत शांती ‘करतात’ ती वास्तूची, नाहीतर मुळावर जन्मलेल्या पोराची. भांडणाची शांती केली असं कोणी म्हणत नाही. आम्ही लहानपणापासून उपासनेत ऐकत आलो म्हणून आम्हाला खटकत नाही, एवढंच. मग आप्पांना हे कोणत्या शब्दाने सांगावं? ‘शांतताप्रिय’ मला पटत नाही. मध्यस्थ, समेट, सलोखा, यातलं काय बसतं?

मास्तरीणबाई, धुळे
‘शांतताप्रिय’ तर नकोच. गल्लीत हाणामारी सुरू झाली की खिडकी लावून घेणारेही शांतताप्रियच असतात.

मूळ ग्रीक शब्द ‘आयरेनोपोयोस’. ‘आयरेने’ म्हणजे शांती, ‘पोयेओ’ म्हणजे करणं, घडवणं. तेव्हा ‘करणारे’ हा भाषांतरकाराचा आळस नाही, ते मुळातच आहे. नव्या करारात हा शब्द फक्त इथे येतो. त्याचं क्रियापदही एकदाच, कलस्सैकरांस पत्रात 1:20 ला, आणि तिथे ही शांती केली ती ख्रिस्ताच्या वधस्तंभावरच्या रक्ताने. मधे पडणारा कोरडा राहत नाही, असा त्याचा रोख.

‘समेट’ जवळचा वाटतो, 2 करिंथ 5:18 मध्ये ‘समेटाची सेवा’ आहेच. पण एरवी समेट म्हटलं की संप मिटल्याची बातमी आठवते. ‘सलोखा’ गोड आहे. जुन्या मराठी पत्रांत तहाला ‘सलूख’ म्हणत, त्याच्याच घरातला.

केळीवाला, रावेर
सलोखा म्हटलं की आमच्याकडे आता तलाठी आठवतो. 2023 पासून सरकारची ‘सलोखा योजना’ आहे. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात, दुसऱ्याची पहिल्याच्या, असं निदान 12 वर्षं चाललं असेल तर अदलाबदलीचा दस्त 1000 रुपये मुद्रांक आणि 1000 रुपये नोंदणी फीवर होतो. त्याआधी 2007 ला ‘तंटामुक्त गाव’ आलं होतं. त्या नावात तंटा आहे, शांती नाही.

चावडीवरचे शब्द विचाराल तर मांडवली आणि तोडपाणी. मांडवलीत मधला माणूस आपला वाटा काढून घेतो, आणि तोडपाण्यातलं पाणी कोणाच्या घशात जातं ते गावाला माहीत असतं. एरवी साधं ‘मिटवलं’. आम्ही लेवा बोलीवाले, पण अहिराणीतलं ‘मिटाडी दिनं’ रोज कानावर पडतं. गंमत बघा, भांडण मिटतं तसे डोळेही मिटतात. पुष्कळदा दोन्ही एकदमच.

नवापूरकर
या ‘मिटवण्या’चा एक मासला सांगतो. आमच्या मंडळीतले दोन चुलतभाऊ. मोठ्याने दरवर्षी नांगरताना वीतभर वीतभर बांध कोरला. शेवटी तो इतका बारीक झाला की त्यावरून चालताना पाय घसरायचा. दोघंही रविवारी यायचे, एक पुढच्या सतरंजीवर, दुसरा दाराशी. प्रभुभोजनाची, म्हणजे सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षरस घेण्याची, वेळ झाली की धाकटा उठून बाहेर चपलांपाशी उभा राहायचा.

पाळकसाहेबांनी मत्तय 5:23-24 वर दोनदा प्रवचन केलं. वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. दोघांनी माना डोलावल्या. दोघांनाही वाटलं, दुसऱ्याला सुनावताहेत. मग पंचांनी त्यांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावले. प्रार्थना झाली, चहा झाला. पेरणीला पुन्हा तेच.

पंचांतला एकजण त्यांचा मामा लागतो. त्याने धाकट्याला अर्ज करायला लावला आणि मोजणीची फी आपल्या खिशातून भरली. मोठा महिनाभर मामाशी बोलला नाही, मामीने आणलेली भाजीसुद्धा परत पाठवली. मोजणी झाली, खुणा रोवल्या, मोठ्याने नांगराच्या तीन तासांएवढी जमीन सोडली. आणि मामाच्या सांगण्यावरून एक पोतं तूर धाकट्याच्या ओट्यावर नेऊन टाकली, गेल्या हंगामाची भरपाई म्हणून. त्यानंतरच्या प्रभुभोजनाला धाकटा आत बसला.

आता शब्दाकडे. शांतीला हिब्रूत ‘शालोम’ म्हणतात. त्याचा धातू श-ल-म, त्यात पुरं असणं, अखंड असणं आहे. त्याच धातूचं क्रियापद बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात भरपाईसाठी येतं. बैल चोरून कापला किंवा विकला तर एकामागे 5 द्यायचे, मेंढरामागे 4. म्हणून मला वाटतं, हात मिळवले तेव्हा शालोम झाला नव्हता. तो पोतं ओट्यावर टेकलं तेव्हा झाला.

जाता जाता, आपण ख्रिस्ती लोक भेटल्यावर ‘सलाम’ म्हणतो तोही याच घराण्यातला, अरबीकडून आलेला. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल नावं घेऊन घेऊन ‘सलाम सांगा’ म्हणतो.

मास्तरीणबाई, धुळे
पोत्याची गोष्ट आवडली. पण तिची दुसरी बाजू मी जास्त पाहिली आहे. मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला चार वडीलधारी समजावतात, हेच वचन ऐकवतात आणि परत नांदायला धाडतात. समजूत तिचीच काढायची, त्याची नाही. घरी येऊन सगळे म्हणतात, मिटलं. बायबलमध्येच यिर्मया संदेष्ट्याने (6:14) अशांनाच धरलंय. शांती नसता ‘शांती, शांती’ म्हणणारे, जखम वरवर बरी करणारे. म्हणून ‘समजूत काढणारे’ हा अर्थ कोणी सुचवला तर माझा विरोध नोंदवून ठेवा.

तापीकाठ
नोंदवला. ‘मध्यस्थ’ही मी सोडून दिला. मध्यस्थाने दोन्हीकडून सारखं लांब राहायचं असतं, मामा तर चांगलाच आत शिरला.

काल आप्पा पाना परत द्यायला आले तेव्हा त्यांना सांगून पाहिलं. दोघांच्या भांडणात मधे पडतो, ज्याचं गेलं त्याला भरून द्यायला लावतो, वर पदरचे पैसे घालतो आणि दोघांच्या शिव्या खातो, तो शांती करणारा. आप्पा म्हणाले, “त्याले तं आम्ही येडा म्हणतस.”

अहिराणीत याहून बरा शब्द असेल तर जाणकारांनी सांगावा. मावची आणि पावरी या आदिवासी बोलींतलाही चालेल.