कूलरच्या आवाजात पाहता येईल असा थरारपट सुचवा

धागाकर्ती, त्रिमूर्तीनगर: येत्या शनिवारी रात्री आई-बाबांसोबत एखादा थरारपट पाहायचा आहे. मे महिन्यात हॉलमधला कूलर बंद ठेवणे नागपुरात शक्य नाही. त्याच्या घरघरीत बाबांना कुजबुजते संवाद ऐकू येत नाहीत आणि आवाज वाढवला की पुढच्याच गोळीबाराला आई दचकते. चित्रपट हिंदी किंवा मराठी, दोन तासांच्या आतला आणि फारसा रक्तपात नसलेला हवा. खर्च दोनशे रुपयांपर्यंत.

धरमपेठकर: डोळे मिटून ‘दृश्यम’ पाहा. मूळ मल्याळम चित्रपट २०१३चा आणि हिंदी २०१५चा. मी दोन्ही पाहिले आहेत. खून कोणाच्या हातून झाला हे आपल्याला ठाऊक असते, तरीही पोलीस दारात आले की छातीत धडधडते.

सदरवासी: हिंदी ‘दृश्यम’ पावणेतीन तासांच्या आसपास आहे, ताईंनी दोन तास म्हटले आहे. माझे ऐकाल तर आधी चांगला साउंडबार घ्या. मी दिवाळीत अठरा हजारांचा घेतला आणि त्यावर ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ लावला, तेव्हा गाड्यांचा पाठलाग घरातूनच चालल्यासारखा वाटला.

मनीषनगरकर: साउंडबारवर पैसे घालवू नका. माझ्याकडच्या साउंडबारने खिडकीची तावदाने थरथरतात, संवाद मात्र होते तितकेच अस्पष्ट राहिले. ५.१ ध्वनीत (म्हणजे पाच स्पीकर आणि एक खर्जाचा स्पीकर धरून केलेल्या ध्वनीत) संवाद प्रामुख्याने मधल्या स्पीकरसाठी असतात आणि तो स्पीकर नसलेल्या टीव्हीवर ते पार्श्वसंगीताखाली दबतात. म्हणून ऑडिओच्या पर्यायांत ‘स्टीरिओ’ निवडा आणि टीव्हीत ‘नाइट मोड’ असेल तर तोही सुरू करा, म्हणजे मोठे आवाज खाली येतात व बारीक आवाज वर येतात. यासाठी एक रुपयाही लागत नाही. सबटायटल्सही लावा.

महालकर: सबटायटल्स वाचण्यात नजर गुंतली की अभिनेत्याचा चेहरा हातचा जातो, म्हणून ती सूचना मला मान्य नाही. यश चोप्रांचा ‘इत्तेफाक’ (१९६९) पाहा. राजेश खन्ना आणि नंदा, बहुतांश कथा एकाच घरात, एकही गाणे नाही आणि संवाद असे खणखणीत की कूलरला दाद देणार नाहीत.

नंदनवनकर: ‘दृश्यम’च. पण मल्याळमच, मोहनलाल यांच्या चेहऱ्यावर शेवटपर्यंत काही वाचता येत नाही.

धरमपेठकर: अजय देवगण यांनीही तो संयम उत्तम सांभाळला आहे. शिवाय काकांना मल्याळम समजणार नाही, हेही लक्षात घ्यावे.

मनीषनगरकर: कूलर खिडकीबाहेर स्टँडवर नीट बसलेला आहे का, तेही पाहा. पाय डुगडुगत असले की घरघर वाढते. आम्ही खाली जुन्या ट्यूबचे रबर घातले आणि बराच फरक पडला.

धागाकर्ती, त्रिमूर्तीनगर: सर्वांचे मनापासून आभार. ‘स्टीरिओ’चा पर्याय आजच निवडला आणि बाबांना बातम्यांच्या पलीकडचेही बोलणे प्रथमच नीट कळले. चित्रपट मात्र ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) ठरला आहे. तो इथे कोणी सुचवला नाही, पण दिग्दर्शक हिंदी ‘दृश्यम’चेच, निशिकांत कामत. बाबांची सारी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे रोजच्या भ्रष्टाचाराने पिचलेल्या बँक कर्मचाऱ्याची ही कथा त्यांना जवळची वाटेल. त्यात मारहाण आहे, याची कल्पना आईला दिली आहे आणि ती तयार आहे. साउंडबार घेणार नाही. कूलरखाली रबर उद्याच घालते.