प्रतिसाद: पुराच्या पाण्यावरून उडणारं विमान नेमकं काय बघतं?

एकांनी विचारलंय, वादळानंतर रसायनांची गळती शोधायला विमान कशाला, माणसं पाठवा की! पण रस्ते पाण्याखाली असताना माणसं जाणार कशी? आणि गळती नेमकी कसली आहे हे कळल्याशिवाय त्यांना पाठवूच नये.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेकडे 'अ‍ॅस्पेक्ट' नावाचं छोटं विमान आहे. बरेच वायू अवरक्त (उष्णतेच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या) किरणांचा आपापला ठरावीक भाग शोषतात. विमानातला वर्णपटमापक, म्हणजे किरणांचे घटक वेगळे करून मोजणारं उपकरण, जमिनीकडून येणाऱ्या किरणांत तेवढीच खाच शोधतो, त्यावरून वायू ओळखू येतो. एक मर्यादा अशी, की ढग विमानाच्या खाली असले तर काही दिसत नाही, आणि वादळानंतर ढग असतातच.

२०१७ च्या हार्वे वादळात टेक्सासमधल्या क्रॉस्बीला आर्केमा या रसायन कंपनीचा कारखाना बुडाला. वीज गेली, जनरेटरही पाण्यात गेले. तिथली सेंद्रिय पेरॉक्साइड, म्हणजे तापली की आपोआप पेटू शकणारी रसायनं, थंडच ठेवावी लागत; ती तापून ३१ ऑगस्टला पेटली. त्या धुरावरून हेच विमान फिरलं होतं.

हे वाचताना मला आपलं दौंडजवळचं कुरकुंभ, तिथली रासायनिक औद्योगिक वसाहत आठवते. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाच्या रात्री तिथल्या एका कारखान्यात मी ड्यूटीवर होतो. वीज गेलेली, शीतगृहाच्या दाराबाहेरच्या तापमापकावर बॅटरी धरून दर दहा मिनिटांनी आकडा वहीत लिहीत होतो. जनरेटर चालू राहिला म्हणून निभावलं. तो जमिनीलगतच बसवलेला होता. पुण्यात ज्यांचे कारखाने नदी-ओढ्यालगत आहेत, त्यांनी या पावसाळ्याआधी आपला जनरेटर किती उंचीवर आहे ते मोजून बघा, कळकळीची विनंती आहे.