आरटीएसमध्ये रोगलाइक घुसवलं की ना धड हे ना धड ते. पटतंय का?

जुना_कमांडर
काल रात्री अजून एक रन (सुरुवातीपासून मरेपर्यंतचा एक डाव) अर्धवट सोडला. गेमचं नाव नाही घेत, उगाच फॅन लोक अंगावर येतात. पण आता बोलतोच, मला हे रोगलाइक आरटीएस प्रकरणच पटत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आरटीएस म्हणजे रिअल-टाइम स्ट्रॅटेजी, बेस बांधा, युनिट (सैनिक वगैरे) काढा, सगळं एकाच वेळी चालू, समोरचा तुमच्यासाठी थांबत नाही. रोगलाइक म्हणजे दर वेळी नवा मॅप आणि मेलात की पहिल्यापासून, नाव पडलं ते १९८० च्या 'रोग' वरून. आता त्या रोगमध्ये काय होतं, तर तुम्ही पाऊल टाकेपर्यंत राक्षस जागचा हलत नाही. जागा अनोळखी, पण विचार करायला वेळ हवा तेवढा. २००८ साली बर्लिनला रोगलाइक बनवणाऱ्यांनी बसून लक्षणं ठरवली त्यातसुद्धा पाळीपाळीने खेळणं हे मोठ्या लक्षणांत धरलंय, उगाच नाही धरलं. आरटीएसचं बरोब्बर उलटं, स्टारक्राफ्ट घ्या, वेळ अजिबात नाही पण मॅप तोंडपाठ, बिल्ड ऑर्डर (काय कधी बांधायचं तो क्रम) हाताला बसलेली, म्हणून तर बोटं एवढी पळतात. दोन्ही एकत्र केलं की माहितीही नाही आणि वेळही नाही. मग हरलो तर चूक माझी का फाशांची, ते कळायचं कसं?

स्पेसबार_भक्त
दादा एफटीएल खेळलायस का? २०१२ चा आहे, अंतराळ जहाज सांभाळायचा रोगलाइक. तुझ्या प्रश्नाचं उत्तर स्पेसबार, म्हणजे पॉज. शत्रूचं मिसाइल आलं, ऑक्सिजनच्या खोलीत आग लागली, दुसरीकडे दोन घुसखोर उतरले, शिल्ड निम्मी गेलेली, आणि मी पॉज करून निवांत चहा पीत बघत बसतो की कुठला दरवाजा उघडला तर हवा बाहेर जाऊन आग विझेल आणि आत अडकलेला माझा माणूस तेवढ्यात बाहेर निघेल का. मग पॉज काढायचा, दोन सेकंद चालू द्यायचं, परत पॉज. मॅप नवा, वेळ पाहिजे तेवढा. झालं की तुझं रोगचं गणित.

जुना_कमांडर
मग ते आरटीएस कुठं राहिलं? दोन सेकंदांच्या पाळ्या झाल्या त्या. शिवाय एक जहाज आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं, बेस नाही, सैन्य नाही. आणि नशीब म्हणशील तर दुकानात एकही धड शस्त्र न मिळता आठव्या, म्हणजे शेवटच्या सेक्टरला पोचलो की ते शेवटचं मोठं जहाज पहिल्याच टप्प्यात धुऊन काढतं, अजून दोन टप्पे बाकीच. मागून बंडखोरांचा ताफा येतोय म्हणून आधीच्या सेक्टरांत नीट फिरताही येत नाही. याला स्ट्रॅटेजी म्हणायचं?

धुक्यातली_नाव
एफटीएल आरटीएस नाही हे मान्य. पण तू माहिती आणि वेळ हे दोन नळ असल्यासारखं बोलतोयस, एक चालू तर दुसरा बंद. दोन्ही थोडे थोडे उघडता येतात की.

बॅड नॉर्थ बघ, २०१८. बेट एवढं चिमुकलं की सगळं एका नजरेत बसतं, घरं कुठं, चढ कुठं, बोटी लागतील असे किनारे कुठले. माहीत नसतं ते एवढंच की धुक्यातून शत्रूची बोट कुठल्या बाजूने येणार. आणि तुकडी निवडलीस की वेळ मंदावतो, थांबत नाही, मंदावतो, हा फरक महत्त्वाचा आहे. बोट दिसली, तिरंदाज टेकडीवर चढवले, तेवढ्यात मागच्या किनाऱ्याला दुसरी बोट लागलेली. आता तिरंदाज खाली आणले तर पुढचं घर जळणार, नाही आणले तर मागचं. घर वाचलं तर सोनं, आणि त्यातूनच पुढची बढती. सरदार मेला तर तो कायमचा गेला, त्याच्यावर खर्च केलेलं सगळं गेलं. म्हणून मी कधीकधी किनाऱ्यावरची रिकामी बोट पकडून सरदाराला पळवतो आणि बेट जळू देतो. जुन्या आरटीएसमध्ये कधी एका तुकडीसाठी अख्खा मॅप सोडलायस? तिथं युनिट मेलं की बॅरेकमधून दुसरं.

एक_झोंबी_पुरे
मी जुन्या कमांडरच्या बाजूने, निदान अर्धा. दे आर बिलियन्समध्ये (झोंबींपासून वसाहत वाचवायचा आरटीएस) तास दोन तास कॉलनी उभी केली आणि पश्चिमेला भिंतीत एक फट राहिली, माझीच चूक. एक झोंबी, फक्त एक, तंबूत शिरला. तंबूतली माणसं झोंबी, ती शेजारच्या घरात, तिथली पण झोंबी, मी पॉज करून बघतोय पण पॉजचा उपयोग काय, पाठवायला सैनिकच नाहीत तिकडे. जुनं सेव्ह लोड करायची सोयच नाही. दोन तास पाण्यात.

पण खोटं नाही बोलत, त्याच गेममध्ये हाताने बनवलेल्या मॅपांची कॅम्पेन (ठरलेल्या मिशनांची मालिका) आहे, २०१९ ला आली, आणि ती मला चार मिशनमध्ये कंटाळवाणी झाली. दर वेळी नवा मॅप देणाऱ्या ज्या मोडला शिव्या देतो तोच परत लावतो. याचं काय करायचं मला माहीत नाही.

स्पेसबार_भक्त
म्हणजे तू अर्धा नाहीस, पूर्ण आमच्यात आहेस 😄

पावसाळी_गव्हर्नर
धाग्यात लढाईचंच चाललंय सगळं, फिरण्याचं कोणी बोलतच नाही. मूळ आरटीएसमध्ये न पाहिलेल्या मॅपवर काळं धुकं होतं कशाला? शोधायला. मॅप पाठ झाला की स्काउट (टेहळणीला पुढे पाठवलेला युनिट) पाठवणं म्हणजे नुसती हजेरी, तो चौथ्या मिनिटाला कुठं असणार हे दोघांनाही माहीत. रोगलाइकने तो स्काउट परत कामाला लावला.

अगेन्स्ट द स्टॉर्ममध्ये (शहर बांधायचा गेम आहे, लढाई नाही, चालवून घ्या) जंगलात मोकळ्या जागा लपलेल्या असतात, लाकूडतोडे तिथवर पोचले की उघडतात. साधी, धोकादायक, निषिद्ध, एवढं बाहेरून कळतं, आत काय ते नाही. उघडलीस की जंगल तुझ्यावर अजून चिडतं, नाही उघडलीस तर माल संपतो आणि तिकडे राणीचा धीर सुटत चाललेला. वादळाच्या ऋतूत धोकादायक जागा उघडणारा माणूस एकदाच उघडतो. मी त्या शेवटच्या झाडाला बोट लावून मिनिटभर बसलेलो आहे, तोडू का नको. हे फाशे नाहीत, पैज कधी लावायची ते मीच ठरवतोय.

जुना_कमांडर
हा स्काउटचा मुद्दा लागला बरोबर. त्यावर माझ्याकडे लगेच उत्तर नाही.

पण एक दुखणं राहिलंच. हरल्यावर पॉइंट देऊन कायमची अपग्रेड विकणारे गेम. दहाव्या रनला जिंकलो तर मी शिकलो म्हणून का माझ्या सैनिकांना वीस टक्के जास्त जीव मिळाला म्हणून? रोगमध्ये असलं काही नव्हतं, शहाणपण डोक्यात जमायचं, खात्यात नाही.

धुक्यातली_नाव
यावर भांडण नाही, मलाही ते आवडत नाही. नवे प्रकार उघडत असतील तर ठीक, नुसता आकडा वाढत असेल तर ती हमाली.

जुना_कमांडर
बॅड नॉर्थ लावला. पाच बेटं गेली, एक सरदार गेला. भालेवाले चालताना वार करत नाहीत हे कोणीतरी आधी सांगायचं होतं राव, मी त्यांना ऐन बोटीसमोरून पळवत होतो.