दोन क्विल्ट ४५ लिटरच्या सॅकमध्ये कशा बसवायच्या?

पायवाट_वेडी:
पुढच्या महिन्यात पाच दिवसांचा ट्रेक आहे, रात्री शून्याच्या तीन-चार अंश खाली जाईल असं धरून चाललेय. माझ्याकडे डाऊनची, म्हणजे पक्ष्यांच्या मऊ पिसांची, एक क्विल्ट (स्लीपिंग बॅगऐवजी घ्यायचं पांघरूण) आहे, साधारण ६५० ग्रॅम, आणि तिच्यावरून घ्यायला एक पातळ सिंथेटिक, ती ५०० ग्रॅमच्या आत. दोन्ही मिळून सव्वा किलोसुद्धा नाही, म्हणजे वजन मस्त आहे पण फुगतात किती! दोघींना वेगळ्या कॉम्प्रेशन बॅगा घेतल्या, दातओठ खाऊन पट्टे आवळले, तर फुटबॉलसारखे दोन कडक गोळे झाले, ते सॅकमध्ये टाकले की बाजूने हात जाईल एवढ्या फटी राहतात आणि वर मात्र तंबू, जेवण, जॅकेट काही म्हणजे काही बसत नाही. सॅकला फ्रेम नाही त्यामुळे तो गोळा पाठीत टोचतो ते वेगळंच. मोठी सॅक घ्यायची तर ती पाऊण किलोने जड, मग एकेक ग्रॅम कमी करण्यात दोन वर्षं घालवली ती कशाला? तुम्ही कसं करता, घडी घालता की कोंबता?

कडेकपारी:
कोंबायची. घडी नको, रोज त्याच रेघेवर मोडली की तिथला भराव बसत जातो. आणि त्या दोन्ही कॉम्प्रेशन बॅगा घरीच ठेवा, पट्टे-बकलं धरून दोन्हीचं मिळून पाव किलो तरी होत असेल.

मी असं करतो. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची एक मोठी पिशवी, लायनर म्हणून, सॅकपेक्षा मोठीच घ्यायची. क्विल्टची पायाकडची शिवलेली बाजू आधी आत घालायची, नाहीतर हवा तिथे अडकून बसते, मग बाकीची मुठीमुठीने ढकलायची, पहिल्या दोन मुठी कोपऱ्यांत, मग मध्ये. पूर्ण आत गेली की कोपरापासूनचा हात आडवा ठेवून सावकाश दाबायचं, हवा सुस्कारा टाकल्यासारखी बाहेर येते, घाई केली तर पिशवी फुगते आणि फाटते. मग वर बाकीचं सामान, जड वस्तू पाठीलगत. ते सामानच क्विल्टला दाबून ठेवतं, वेगळे पट्टे लागत नाहीत. आणि फ्रेम नसलेल्या सॅकला तर खाली अशी मऊ गादी हवीच, कमरेवर छान बसते.

ओली_माती:
कडेकपारी यांचं जवळजवळ सगळं पटलं पण डाऊन नुसत्या लायनरच्या भरवशावर मी परत कधीच ठेवणार नाही. मी तसंच करायचे. एका पावसाळी ट्रेकला तंबूच्या खुंट्या लायनरच्या बाहेर पण सॅकमध्येच होत्या, त्यातल्या एकीच्या टोकाने प्लॅस्टिकला बारीक भोक पाडलं, कळलंच नाही, आणि ओल्या तंबूचं पाणी दिवसभर आत झिरपत राहिलं. संध्याकाळी क्विल्ट काढली तर एका बाजूचे चार कप्पे सपाट, हाताला ओल्या कापसाच्या गुठळ्या लागत होत्या आणि मध्ये नुसतं कापड. रात्रभर कोरडी बाजू छातीवर धरून पडले होते, झोप कसली लागतेय.

तेव्हापासून डाऊन वेगळ्या पातळ ड्राय बॅगमध्ये (पाणी न शिरणारी, तोंड गुंडाळून बंद करायची पिशवी), पण मुद्दाम मोठ्या. क्विल्ट १२ लिटरची असेल तर बॅग २० ची. तोंड गुंडाळायच्या आधी थोडी हवा काढायची, सगळी नाही. अशी ढिली बॅग हवा तो आकार घेते, सॅकच्या तळाशी पसरते, फटी भरते. वजन पन्नास-साठ ग्रॅम वाढतं आणि ते मी आनंदाने वाहते. खुंट्या आता बाहेरच्या खिशात, जाड कापडी पिशवीत.

सह्य_थंडी:
दोघांनी पॅकिंगचं सांगितलंय म्हणून मी भरावाबद्दल लिहितो, कारण दोन्ही क्विल्टना एकच नियम लावून चालणार नाही.

डाऊन दाबणं सहन करते. ८०० फिल पॉवर म्हणजे २८ ग्रॅम डाऊन मोकळी सोडली की ८०० घन इंच जागा भरते, म्हणजे १३ लिटरच्या आसपास. एवढ्याशा पिसांत एवढी हवा, म्हणून ती दबतेही तेवढीच आणि कोरडी असेल तर परत उठते. सिंथेटिकचे धागे मात्र दर वेळी आवळले की थोडे थोडे कायमचे बसतात, तो फुगवटा परत मिळत नाही आणि ऊब त्या फुगवट्यातच असते. म्हणून तुमच्या दोघींपैकी पट्ट्यांनी आवळायची नाही ती सिंथेटिक. डाऊन तळाला, वजन तिच्यावर येऊ दे, आणि सिंथेटिक सगळ्यात शेवटी, सामानाच्या आजूबाजूला जिथे पोकळी दिसेल तिथे सरकवायची. गोळा करायचाच नाही.

दुसरं, सिंथेटिक घरी ठेवण्याचा मोह होईल, पण शून्याखालच्या लागोपाठ रात्री असतील तर ठेवू नका. अंगातून निघालेली वाफ बाहेर जाता जाता गार पडते आणि बाहेरच्या थरात तिचं पाणी होतं. वर सिंथेटिक असली की ते पाणी बरंचसं तिच्यात राहतं आणि डाऊन कोरडी राहते, चौथ्या-पाचव्या रात्री हा फरक कळतो. आणि मॅट कुठली आहे? क्विल्टला खालची बाजू नसते, पाठीखालची सगळी ऊब मॅटवर, मॅट कमी पडली तर वर तीन क्विल्ट घेऊनही पाठ गारच राहणार.

पायवाट_वेडी:
काल रात्री दोन तास हेच करत बसले होते! आधी १५ लिटरच्या बादलीत मोजून पाहिलं, डाऊन हाताने दाबून पाऊण बादली, सिंथेटिक तशीच दाबून काठोकाठ आणि वर थोडी. म्हणजे जागा खाणारी ती पातळ दिसणारीच होती, मी उगाच डाऊनला दोष देत होते. मग डाऊन २० लिटरच्या ड्राय बॅगमध्ये ढिली, लायनरच्या तळाशी आडवी, वर जेवण पाठीलगत, आणि जेवणाच्या पिशवीभोवती सिंथेटिक मफलरसारखी गुंडाळली. तंबू लायनरच्या बाहेर वर. सॅकचं तोंड बंद झालं, वर चार बोटं जागा उरली!! टोचत पण नाही. मॅटची आर-व्हॅल्यू, म्हणजे जमिनीचा गारवा किती अडवते तो आकडा, ४ च्या थोडी वर आहे, चालेल ना?

एक राहिलं, सकाळी क्विल्ट दमट असेल तर काय करता? तशीच कोंबायची?

सह्य_थंडी:
तेवढ्या थंडीला ४ च्या वर चालायला हवी, तरी पाठीला गार लागलं तर जास्तीचे कपडे पाठीखाली अंथरा.

दमट क्विल्टचं म्हणाल तर सकाळी वाळण्याची वाट बघत बसू नका, तेवढ्यात ऊन येईलच असं नाही. उठल्या उठल्या अजून गरम असतानाच दाबून आतली दमट हवा काढून टाका आणि पॅक करा. दुपारी जेवायला थांबाल तेव्हा ऊन असेल तर दोन्ही बाहेर काढून दगडावर पसरा, काळपट बाजू वर, अर्ध्या तासात बराच फरक पडतो. वारा असेल तर एक कोपरा कशाला तरी बांधा, डाऊन क्विल्ट पतंगासारखी उडते.

ओली_माती:
आणि परत आलात की त्याच दिवशी दोन्ही बॅगेतून काढा. आठवडाभर तशाच चेपून ठेवू नका, मोठ्या सुती पिशवीत मोकळ्या ठेवा नाहीतर दोरीवर टाका. ट्रेकहून आल्यावर कंटाळा येतो पण हे आंघोळीच्या आधी करा.