अलीकडे मनापासून आवडलेले एक पुस्तक सांगा, आणि ते कुठे अडखळायला लावते तेही लिहा

हिंजवडीची प्रवासी

नमस्कार. माझे वय चोवीस वर्षे आहे. पहिलीपासूनचे शिक्षण इंग्रजी माध्यमात झाले आणि सध्या मी हिंजवडीतील एका कंपनीत नोकरी करते. घरी आम्ही मराठीच बोलतो, परंतु दहावीनंतर मराठी पुस्तक हाती घेण्याची सवय सुटली ती सुटलीच. गेल्या उन्हाळ्यात मामेभावाने मिलिंद बोकील यांची 'शाळा' आणून दिली. नववीतल्या मुकुंद जोशीचे शिरोडकरवर जडलेले मन, मित्रांचा अड्डा आणि या सगळ्याच्या मागे मोठ्यांच्या जगात चाललेली आणीबाणी हे त्या मुलाच्या नजरेतून इतक्या सहजपणे समोर येत गेले, की कर्वेनगर ते हिंजवडी जाता-येता बसमध्ये आठ दिवसांत कादंबरी संपली. शेवटची दहा पाने मी मुद्दाम राखून ठेवली होती आणि ती रविवारी सकाळी घरी वाचली.

त्यानंतर मी ओळखीतल्या अनेकांना आणखी पुस्तके विचारली. प्रत्येकाने मोठ्या आपुलकीने नावे दिली, आणि बहुतेकांनी 'हे तर वाचायलाच हवे' एवढेच सांगितले. त्यांपैकी चार पुस्तके मी आणली आणि चारही पन्नासाव्या पानाच्या आत मिटून ठेवली. पुस्तके वाईट होती असे मी मुळीच म्हणणार नाही. कोणते पुस्तक सावकाश उलगडते, कोणत्या पुस्तकातली बोली कानाला सरावायला वेळ लागतो आणि कोणते पुस्तक माझ्यासारख्या वाचकाने दोन वर्षे थांबून हाती घ्यावे, हे मला कोणीच सांगितले नव्हते.

म्हणून विनंती अशी, की आपण गेल्या वर्षभरात वाचलेले आणि मनापासून आवडलेले एकच पुस्तक सांगावे, ते कुठून पकड घेते हे लिहावे, आणि आपण स्वतः कुठे अडखळला होतात तेही मोकळेपणाने सांगावे. विशीतल्या वाचकांचे अनुभव कळले तर अधिक बरे वाटेल.

कॉट बेसिसवाला

ताई, मी जळगाव जिल्ह्यातला आहे आणि तीन वर्षांपासून सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. माझे पुस्तक म्हणजे भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला'. ती १९६३ साली प्रसिद्ध झाली आणि तेव्हा लेखक पंचवीस वर्षांचे होते. नाव आपण ऐकलेले असणारच, कदाचित त्या मिटलेल्या चार पुस्तकांत तीही असेल, म्हणून अडचणीपासूनच सुरुवात करतो.

मी ती दोनदा अर्धवट सोडली. पहिल्यांदा अकरावीत, कारण पांडुरंग सांगवीकर सतत 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' म्हणत राहतो आणि ही काय लकब आहे तेच मला समजेना. दुसऱ्यांदा सोडली ती गोष्ट पुढे सरकत नाही असे वाटल्यामुळे. तिसऱ्यांदा मात्र मी पुण्यात आलो होतो. खानदेशातून इथे शिकायला आलेल्या मुलाचे वसतिगृह, मेसचे हिशेब, उसने पैसे, मित्रांचा गोतावळा आणि त्या गोतावळ्यातले एकटेपण हे सगळे माझ्या खोलीत चाललेलेच होते. आमच्या मेसच्या मावशी महिनाअखेरीस वहीत खाडे मोजतात, तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या प्रत्येक मुलाच्या चेहऱ्यावर जे येते ते मी रोज पाहतो, आणि ते त्या पानांत मला भेटले. मग लक्षात आले, की 'वगैरे' हा शब्द तो मुलगा जिथे नेमके बोलायला कचरतो तिथे येतो.

पांडुरंगची धाकटी बहीण मनी हिला देवी येतात आणि त्यात ती जाते, तो भाग मी रात्री एक वाजता वाचला. पुढे वाचवेना. सकाळी सहा वाजता मी माझ्या बहिणीला फोन केला आणि तिला झोपेतून उठवून 'काही नाही, सहजच' एवढेच म्हणालो.

ज्यांना घटनांची साखळी हवी असते त्यांना ही कादंबरी जड जाईल. सुरुवातीची पाने मोठ्याने वाचून पाहावीत, कारण तो मुलगा समोर बसून बोलत आहे हे डोळ्यांपेक्षा कानांना लवकर कळते.

माण खोऱ्यातून

वरील मित्राने जे लिहिले आहे त्यातला शब्द न् शब्द मला मान्य आहे, तरीही प्रश्नकर्तीने आत्ता 'कोसला' घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. 'शाळा' ज्या वाचकाला आवडली त्याला सरळ, स्वच्छ निवेदन आवडते, आणि त्या वाटेने जायचे तर पुढचा मुक्काम व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' हा आहे.

कादंबरी १९५५ सालची आहे आणि दोन-तीन दिवसांच्या प्रवासात संपेल इतकी लहान आहे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका वाडीवर एक कोवळा मास्तर शाळा चालवायला जातो, तिथल्या माणसांत हळूहळू मिसळतो, त्यांची भांडणे, कागदपत्रे आणि दुखणी त्याच्याकडे येऊ लागतात, वाडीची तालीम उभी राहते आणि मग दुष्काळ पडतो. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना ती पहिल्यांदा वाचली. माडगूळकर विशेषणे जवळजवळ वापरतच नाहीत. माणूस कसा बसला, काय बोलला आणि कोणत्या वाटेने गेला एवढेच सांगतात, आणि तेवढ्यावर तो माणूस उभा राहतो. दुष्काळाची शेवटची पाने तर इतक्या कमी शब्दांत लिहिली आहेत, की आपल्याला नेमके कशाने भरून आले हे शोधण्यासाठी मी ती पुन्हा वाचली.

अडचण म्हणाल तर संवाद माणदेशी बोलीत आहेत, पण निवेदन प्रमाण मराठीत असल्यामुळे एखादा शब्द अडला तरी धागा सुटत नाही. अशी सवय झाली म्हणजे मग कृष्णात खोत यांची 'रिंगाण' हाती घ्यावी. तिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे. धरणामुळे उठलेले गाव आणि मागे राहून रानटी झालेल्या म्हशी हा तिचा विषय आहे, आणि तिच्यात बोली निवेदनातच मुरलेली आहे. मला पहिल्या तीस पानांना चार दिवस लागले होते. ते चार दिवस वाया गेले असे मला वाटत नाही, पण आधी 'बनगरवाडी' झालेली नसती तर मी ते दिलेच नसते.

काज-बटण

मी फारसा वाचणारा नाही, त्यामुळे थोडक्यात लिहितो. देविदास सौदागर यांची 'उसवण' वाचली. तिला २०२४ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला आहे. लेखक तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम केलेले, आणि कादंबरीही एका शिंप्याचीच आहे. तयार कपड्यांची दुकाने आल्यावर त्याचा धंदा कसा बसत जातो याची ती गोष्ट आहे.

माझ्या वडिलांचे हडपसरला टेलरिंगचे दुकान आहे. मी लहान असताना दिवाळीच्या आधी तिथे रात्री दोनपर्यंत मशीन चालत असे. आता नवे शिवायला क्वचितच कोणी टाकते. बाहेरून घेतलेल्या जीन्सची उंची कमी करणे, चेन बदलणे, साडीला फॉल लावणे एवढेच काम येते. वडील अजूनही रोज सकाळी खडू टोकदार करून मोजपट्टीशेजारी ठेवतात, मग दिवसभरात एकही माप घ्यायचे नसले तरी. हे कोणी पुस्तकात लिहील असे मला कधी वाटले नव्हते. अडखळण्यासारखे यात काहीच नाही. फक्त मन उदास असेल त्या दिवशी हे पुस्तक सुरू करू नका.

ग्रंथालयातली संध्याकाळ

मी एका सार्वजनिक ग्रंथालयात संध्याकाळी पुस्तकांच्या देवघेवीचे काम करते, त्यामुळे तुमच्या वयाची मुले काय नेतात आणि काय आठ दिवसांत परत आणतात हे मला रोज दिसते. परत आलेल्या पुस्तकात खुणेसाठी ठेवलेले बसचे तिकीट बहुधा चाळिसाव्या-पन्नासाव्या पानातच सापडते. तेव्हा तुमची तक्रार अगदी खरी आहे.

माझे पुस्तक कादंबरी नाही. इरावती कर्वे यांचे 'युगान्त' मी या वर्षी पुन्हा वाचले. त्या डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्राच्या अभ्यासक होत्या. या पुस्तकाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती आणि ते काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्या संशोधित पाठाच्या आधारावर उभे राहून बाईंनी भीष्म, गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण यांच्याकडे देव किंवा आदर्श म्हणून न पाहता माणसे म्हणून पाहिले आहे. मालिकांमधून महाभारत पाहिलेल्या तुमच्या पिढीला हे फार जवळचे वाटेल असा माझा अनुभव आहे. मागच्या महिन्यात एका मुलाने पुस्तक परत करताना काउंटरवरच कर्णाविषयी माझ्याशी अर्धा तास वाद घातला.

अडचण अशी, की पहिला लेख भीष्मावर आहे आणि त्यात नातेसंबंधांची बरीच गुंतागुंत येते. नवख्या वाचकाने तो बाजूला ठेवून गांधारीपासून सुरुवात करावी. तो भाग जवळजवळ कथेसारखा आहे. म्हातारपणी वनात गेलेली ती माणसे एकमेकांशी जे बोलतात, ते वाचल्यावर भीष्माकडे परत जाण्याची ओढ आपोआप लागते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. पुस्तक विकत घेण्याआधी ते ग्रंथालयातून नेऊन पाहावे. लक्ष्मी रस्त्यावरचे पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालय आहे. नाही आवडले तर परत करताना संकोच बाळगू नये. आम्हाला त्याचे वाईट वाटत नाही, उलट काय आवडले नाही हे सांगितलेत तर पुढचे पुस्तक देणे आम्हाला सोपे जाते.

हिंजवडीची प्रवासी

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या शनिवारी अप्पा बळवंत चौकात जाऊन 'बनगरवाडी' घेतली आणि काल संपवली. 'माण खोऱ्यातून' यांनी संवादांविषयी सांगितले होते, त्यामुळे अडले तिथे मी थांबले नाही.

माझी आजी मूळची दहिवडीकडची आहे. रविवारी तिला दोन प्रकरणे वाचून दाखवली. तिने आधी माझे उच्चार सुधारले, आणि मग तिच्या माहेरच्या रानात पीक निघाल्यावर धनगर मेंढरे बसवायला कसे येत, लेंडीखताच्या बदल्यात त्यांना धान्य कसे दिले जाई आणि रात्री कुत्री भुंकली की तिचे वडील कंदील घेऊन कसे बाहेर जात हे सांगत बसली. चोवीस वर्षांत ही हकीकत मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. उरलेले पुस्तक तिलाही ऐकायचे आहे, म्हणून रोज रात्री जेवणानंतर एक प्रकरण असे आम्ही ठरवले आहे.

'युगान्त' गांधारीपासून सुरू करीन. 'काज-बटण' यांना एक विचारायचे आहे: 'उसवण' आपल्या वडिलांनी वाचली का?

काज-बटण

हो. दुकानातच वाचतात, गिऱ्हाईक नसेल तेव्हा. साठाव्या पानापर्यंत आले आहेत आणि खूण म्हणून त्यात अस्तराच्या कापडाची पट्टी घातली आहे.